जऊळक्याला नेलेली नळाची पेटी

मावसबहीण सुमनचं लग्न जऊळक्याला होतं. जहाजावर खलाशी असलेले मामा आधी आसेगावला आमच्याकडे उतरले. आईला ताप होता, बाबांना सुट्टी नव्हती, म्हणून मामांबरोबर मीच निघाले. घरात शिकलेली मी एकटी. त्यामुळे तिकिटं, पाट्या, वेळा सगळं माझ्याकडे. गाडी चुकेल या धास्तीनं मी मामांना इतकं लवकर उठवलं, की स्टँडवर कुत्रंसुद्धा जागं नव्हतं.

तुम्ही जाणार असाल, तर वाशीमच्या एस.टी.त मागच्या बाकावर बसू नका. एका खड्ड्यात समोरच्या बाईची लोणच्याची बरणी फुटली आणि सगळ्यांच्या चपला तेलात न्हाल्या. मामांनी मांडीवरची पुठ्ठ्याची पेटी थोपटली.

"पाह्य, अशा रस्त्याले हेच पायजे. यात काचच नाही."

"मग काय आहे?"

"द्राक्षाची दारू. फॉरेनची."

परवान्याशिवाय दारू, आणि मी शेजारी! मामा मात्र रंगात आले. बाटल्या खणखणतात, पेटी मुकी राहते. वजन कमी, बाकाखाली सरळ सरकते. फटीतून त्यांनी आतली चंदेरी पिशवी दाखवली. तिला खाली छोटासा नळ होता.

"जेवढी काढली, तेवढी पिशवी बसते. हवा आत जातच नाही. उघडल्यावरबी कितीक दिवस खराब होत नाही."

मी घाबरले होते, तरी नजर हटत नव्हती.

"मामा, मांडवात दारू आली तर मी लग्नातून उठेन, असं सुमननं सांगितलंय." तिचे वडील दारूपायीच गेले होते.

"मले कोनं सांगतलं? नवरदेवाकडच्यासाठीच आणली म्या!" मग त्यांनी पेटी बाकाखाली ढकलली.

वाशीमला स्टँडवर गरम भजी खा, पण स्टेशनपर्यंतच्या टांग्याचं भाडं आधी ठरवा. पुढे छोट्या लाईनची पॅसेंजर. खिडकीबाहेर नांगरलेली काळी जमीन पार आभाळाला टेकलेली; इतकं मोकळं पाहून मी पेटीची काळजीही घटकाभर विसरले.

मावशीच्या अंगणात सुमन समोर आली. "मामा, पेटीत काय आणलं?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं.

"पानी," मामा म्हणाले.

ती आत गेल्यावर ते पुटपुटले, "आता पानीच करा लागते, पोरी. चाल."

गोठ्यामागच्या उकिरड्यावर त्यांनी नळ फिरवला. लालभडक धार पडत राहिली आणि पिशवी आपोआप मिटत गेली, शेवटी दोन्ही पदर एकमेकांना चिकटले. माणसाची अक्कल कुठवर पोचते! एरवी थेंबही वाया न घालवणाऱ्या मामांनी तोंड फिरवलं, पण नळ बंद केला नाही. मग नळ ओढून काढून मी पिशवी गरम पाण्यानं धूत राहिले, वास घेत राहिले, पुन्हा धूत राहिले.

"फाडतं का आता?" मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ऊन अंग भाजत होतं. प्यायचं पाणी भरून पेटी स्टुलावर ठेवली होती. एरवी रांजणात जो तो गडवा बुडवतो. इथे नुसता नळ फिरवायचा. म्हाताऱ्या बाया तहान नसतानाही येत होत्या.

"वो माय, हे तं खोक्यातली विहीर झाली!" एक म्हणाली. पिशवी भरता भरता माझे हात दुखले.

मांडवात जाण्याआधी सुमननं ग्लास तोंडाला लावला आणि थांबली. "वास कायचा येऊन राह्यला?"

मामा पेटीकडे बघू लागले. मला राहवेना. "सुमन, यात काल दारू होती. मामांनी सगळी ओतून टाकली."

तिनं मामांकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही लग्नातून उठणार.

"तुमी सोता ओतली?"

मामांनी मान डोलावली.

तिनं ग्लास रिकामा केला, पुन्हा भरला आणि मामांच्या हातात दिला. "घ्या. सकाळपासून टेकले नाही तुमी." मग ती पंचशील घ्यायला मांडवात गेली.

पेटी सुमनबरोबर सासरी गेली, मामा थेट मुंबईला, आणि मी एकटी एस.टी.नं परतले. तुमचं कोणी जहाजावर असेल, तर अशी पेटी जरूर मागवा. फुटत नाही, सांडत नाही, पाणी झाकलेलं राहतं, कुणाचा हात बुडत नाही. आत काय भरायचं, ते आपल्याच हातात.

आईला मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. ती अंथरुणात उठून बसली.

"सगळी ओतली?"

"सगळी."

"माह्या भावानं?"