गुरुवारची पाळी

सोमवारी आमच्या मुख्याध्यापिका कदमबाई वारल्या. शाळेचा कारभार माझ्याकडे आला.

भिंतीवर वर्ग झाडण्याच्या पाळ्यांचा तक्ता अजून आहे. पूर्वी फक्त मुली झाडत. बाईंनी त्यात मुलांची नावे घातली आणि गुरुवारी स्वतःचे. "बाई, आमच्यात पोरं झाडू धरत नाहीत," एका मुलाची आई तणतणत आली होती. "मग गुरुवारी माझ्याबरोबर धरेल की," बाई म्हणाल्या. मी नुसता हसलो. समतेचा धडा मी वर्षानुवर्षे उभ्यानेच शिकवला; झाडायला कधी वाकलो नाही.

आज गुरुवार. बाई नाहीत म्हणून दोन मुली न सांगताच झाडू घेऊन उठल्या. माणसाने पाडलेली वाट इतक्या लवकर बुजते? मी त्यांच्याकडून झाडू मागून घेतला.

तक्त्यावरचे बाईंचे नाव पुसलेले नाही. त्याखाली माझे लिहिले आहे.