फळी नसलेली केबिन

त्याला सगळे 'सावकाश' म्हणायचे. गाडी मागे घेणाऱ्याला, माल उतरवणाऱ्याला, फोनवरच्या बायकोला, ज्याच्या त्याच्याशी बोलणं संपवताना तो "सावकाश" म्हणायचा, म्हणून. गेटवरच्या एका नवख्या कारकुनाने एकदा वहीत 'सावकार' लिहिलं, तेव्हा तो हसून म्हणाला होता, "एका अक्षराचा फरक आहे साहेब, पण तेवढ्यात जन्म गेला."

बावीस वर्षं तो लांब पल्ल्याचा ट्रक चालवत होता. त्याच्या आधी वडिलांनी अडतीस वर्षं तेच केलं. म्हातारा निवृत्त झाला, घरी बसला, आणि बसल्या जागी विसरायला लागला. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग घरातल्यांची, मग संडास कुठल्या बाजूला आहे तेही. एके सकाळी सुनेला चोर समजून त्यांनी दार इतक्या जोरात लोटलं की तिचं मनगट चौकटीत सापडून मोडलं.

प्लास्टर घातलेला हात मांडीवर ठेवून ती म्हणाली, "अहो, मी बाबांना बोल लावत नाही. त्यांना काय कळतंय? पण मला आता या घरात भीती वाटते. काहीतरी करा."

करायचं काय? ताईकडे, म्हणजे त्याच्या बहिणीकडे, दोन खोल्या आणि अंथरुणाला खिळलेला नवरा. म्हाताऱ्या माणसांना सांभाळणाऱ्या संस्थेत यादी लागलेली. तिथल्या बाईंनी नाव लिहून घेतलं आणि तीन महिन्यांनी चौकशी करा म्हणून सांगितलं. इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी पुढच्या खेपेला निघताना त्याने बापाला काखेत हात घालून उचललं आणि गाडीत बसवलं.

घरात भिंतींना धडका देणारा तो माणूस सीटवर बसला, पट्टा ओढून लावला, बाहेर बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "आरसा जरा खाली घे. मागचं चाक दिसत नाही."

त्यानंतर चौदा महिने बापलेक गाडीत राहिले. सीटच्या मागे दोन फूट रुंदीची फळी होती, वर फोम, त्यावर रेक्झिन, पुढे पडदा. म्हातारा गुडघे दुमडून तिथे झोपायचा. सावकाश दोन सीटांवर आडवा व्हायचा आणि सकाळी बरगडीवर गिअरच्या मुठीचा वळ घेऊन उठायचा. आरशात बघून दोघांची दाढी, पाण्याचा कॅन, लघवीची बाटली, दोरीवर वाळणारी बापाची पँट. चैन नव्हती, पण फळीवर पडलं की म्हाताऱ्याला पाच मिनिटांत झोप लागायची, आणि तो झोपला की पोरगाही झोपायचा.

मग कंपनीने गाड्या बदलल्या. मॅनेजरने नव्या गाडीचं चित्र टेबलावर पसरून दाखवलं, जणू स्वतःच्या लेकीचं स्थळ दाखवतोय.

"मागची फळी काढली. केबिन दोन फूट आखूड, हौदा दोन फूट लांब. प्रत्येक खेपेला माल जास्त."

"आणि ड्रायव्हर झोपणार कुठे?"

"वाटेत लॉज आहेत की. बिल आणा, मी सही करतो."

"साहेब, लॉजवर वडिलांना..."

मॅनेजरने पेन खाली ठेवलं. "काय म्हणालात? मी ऐकलं नाही हं. ऐकलं असतं तर मला कारवाईचं पत्र द्यावं लागलं असतं."

सावकाशने हात जोडले. "मग जुनी गाडी माझ्याकडे राहू द्या. खटारा आहे, कोणी घेणार नाही. मी चालवतो."

"ती शुक्रवारीच विकली गेली," मॅनेजर म्हणाला. त्याच्या आवाजात थोडी माया होती, पण मायेने केबिन लांबत नाही.

नवी केबिन चकचकीत होती. सीटची पाठ थेट मागच्या पत्र्याला टेकलेली. पहिल्याच दुपारी गाडी विसाव्याला थांबली, तसा म्हातारा सीटवर उलटा वळला आणि पत्रा चाचपायला लागला.

"दार कोणी लावलं?"

"बाबा, इथे दार नाही."

"अरे, माझं अंथरूण आत आहे. किल्ली दे."

किल्ली कुठून देणार? तिसऱ्या दिवशी म्हाताऱ्याने मागच्या अस्तराची कड नखांनी उचकटली. सावकाश डिझेल भरून परत आला, तेव्हा बापाची बोटं रक्ताने माखलेली आणि तोंडावर शांत, कामात गढलेल्या माणसाचे भाव. पाय दिवसभर लोंबकळून टम्म फुगले होते. अंगठ्याने दाबलं की खड्डा पडायचा आणि भरायलाच तयार नसायचा.

लॉजवरही नेऊन बघितलं. परक्या खोलीत म्हाताऱ्याने असा टाहो फोडला की मालकाने अर्ध्या तासात दोघांना बाहेर काढलं. मग सावकाशने एका गोदामातून लाकडी फळकुट मागून आणलं. गाडी थांबली की ते दोन सीटांवर आडवं टाकायचं, बापाला त्यावर निजवायचं आणि आपण गाडीखाली, चाकांच्या मध्ये ताडपत्रीवर पडायचं. म्हातारा दार उघडून चालू पडेल म्हणून त्याच्या पायाला दोरी, दोरीचं दुसरं टोक आपल्या मनगटाला. बाप कुशीवर वळला की याला जाग. तो दर पाचदहा मिनिटांनी कुशीवर वळायचा.

पाचव्या दिवशी दुपारी एक वाजता, सरळ रस्त्यावर, लख्ख उन्हात त्याचे डोळे उघडे होते आणि तो झोपला होता.

खडीचा आवाज आला. त्याने ब्रेकवर उभं राहून गाडी थांबवली. रस्त्यावर पट्टे रंगवणाऱ्यांनी ठेवलेले प्लास्टिकचे शंकू चाकाखाली चिरडले होते. डाव्या दारापासून हातभर अंतरावर पिवळं जाकीट घातलेली एक बाई उभी होती. तिच्या हातातून रंगाचा डबा निसटून सगळा रंग खडीवर वाहत होता.

म्हातारा आरशात बघून म्हणाला, "डावीकडे फार घेतलीस."

सावकाश उतरला. तो चाकाला धरून खाली बसला. बाई ओरडेल असं त्याला वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुम्ही झोपला होतात," ती म्हणाली.

"हो."

"मला दोन मुली आहेत."

तो "हो, हो" एवढंच म्हणत राहिला. मग त्याने इंजिन बंद केलं आणि मॅनेजरला फोन लावला.

"गाडी हलवा," मॅनेजर म्हणाला. "माल संध्याकाळी पोचायला हवा."

"मी नाही हलवणार. दुसरा माणूस पाठवा."

"मग उद्यापासून यायची गरज नाही."

"बरं," तो म्हणाला. 'सावकाश' म्हणायचं मात्र त्या दिवशी राहून गेलं.

चार तासांनी दुसरा ड्रायव्हर आला, जाड्या. दोघं एकाच वर्षी कंपनीत लागलेले. जाड्याने केबिनमध्ये डोकावून पाहिलं. "अरे, मी आत शिरलो की केबिन संपते. तिघं कसे मावणार? पोट बाहेर टांगू का?" कोणी हसलं नाही. "उतरव त्यांना," तो हळूच म्हणाला. "मी तोंड फिरवून उभा राहतो."

"बाबा, उतरा."

"गाडी सोडून? आत माल आहे!"

"दुसरा ड्रायव्हर आलाय."

म्हाताऱ्याने दारावरची मूठ दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि पोराकडे बघितलं. "तू कोण?"

घरातल्या सगळ्यांना बाबा हे कधी ना कधी विचारून बसले होते. याला कधीच नाही. सावकाशने एकेक बोट सोडवायला घेतलं. एक सुटलं की दुसरं पुन्हा मुठीला चिकटायचं. नखांवरच्या खपल्या निघाल्या. म्हातारा "चोर, चोर" ओरडत होता आणि रस्त्यावरची पिवळ्या जाकिटातली माणसं काम थांबवून बघत होती. बाप खाली आला तेव्हा पोरगा हुंदके देत होता आणि त्याच्या हातावर दातांचे व्रण होते. गाडी गेली. दोन पिशव्या आणि एक फळकुट घेऊन ते दोघं खडीवर उभे राहिले.

आता सावकाश घराजवळच्या गोदामात अर्धी पाळी फोर्कलिफ्ट चालवतो. बायको तिच्या बहिणीकडे राहते. त्याच्या पाळीपुरती येते, बाबांच्या खोलीला कडी घालून बाहेर बसते आणि तो आला की चप्पल घालून निघते. त्यांच्यात भांडण नाही. बोलायला वेळच होत नाही. संस्थेच्या यादीत बाबांचा नंबर अठरावा होता, तो सहा महिन्यांत अकरावा झाला आहे. तिथल्या बाई म्हणाल्या, "नंबर पुढे सरकतो तो कसा, ते विचारू नका."

रोज सकाळी म्हातारा शर्टाची बटणं लावून पलंगाच्या कडेला बसतो. "निघायचं कधी?"

"माल भरतायत, बाबा."

गेल्या मंगळवारी मात्र त्याच्याने ते बोलवेना. "गाडी नाही बाबा," तो म्हणाला. "आता कुठेच जायचं नाही." म्हाताऱ्याने शर्टाची बटणं एकेक करून काढली आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. त्या दिवशी तो जेवला नाही.

बुधवारी पुन्हा बटणं लावून बसला होता.