ते गाणं आधी कुणाचं?

दादाच्या बँडमध्ये मला घेतलं ते आईच्या सांगण्यावरून, आणि काम दिलं ते मागे उभं राहून 'ऊ ऊ' करायचं. मला मात्र ते गाणं पुढे येऊन म्हणायचं होतं. ऐंशीच्या दशकातलं मुलुंड. आमच्या इमारतीच्या गच्चीवर गणपतीच्या कार्यक्रमाची तालीम चालायची. गाणं जुनं, रॉकच्या सुरुवातीच्या दिवसांतलं, एका लबाड माणसाला दारातून हाकलणारं. "घसा फाडून म्हणायचंय यार, पोरींचं काम नाही," दादा म्हणायचा. माझं डोकं फिरायचं.

गाणं कॅसेटवरून उचललेलं. दुसऱ्या कडव्यात एक ठोका गायब होता. आमच्या शहाण्यांना ती गायकाची करामत वाटली, आणि सगळ्यांची उडी एकदम पडावी म्हणून त्यांनी महिनाभर घाम गाळला. मग नवा ड्रमर आला. पहिल्याच दिवशी म्हणाला, "हे काय रे? ठोका खाल्ला कुणी?" भांडण जुंपलं. शेवटी निवाड्यासाठी आम्ही अंधेरीला ड्रमरच्या काकांकडे गेलो. ते जहाजावर नोकरीला होते आणि बंदराबंदरातून रेकॉर्डी आणायचे.

काकांनी त्याच गाण्याची रेकॉर्ड लावली. ठोका जागच्या जागी. "रेकॉर्डवरून कॅसेट भरताना सुई उडाली असणार," ते म्हणाले. पोरांची तोंडं बघण्यासारखी झाली. मला हसू आवरेना.

"आणि गाणं या गायकाचं नाहीच," काकांनी आणखी एक रेकॉर्ड काढली. "याने दुसऱ्याचं ऐकून म्हटलं, त्या दुसऱ्याने हिचं."

बाईचा आवाज. जाडाभरडा, ठसक्याचा. गावाकडे आमची आत्या दारुड्या नवऱ्याला झाडायची, अगदी तशी ती त्या माणसाला झाडत होती. माझ्या अंगावर काटा आला. दादा खाली बघत ऐकत राहिला. परतताना एवढंच म्हणाला, "तूच म्हण."

गणपतीत म्हटलं. पहिल्या ओळीला आवाज चिरकला, पण दुसरीला असा लागला की मलाच खरं वाटेना. मंडळाच्या एका आजोबांनी कानांवर हात ठेवले. मला काय त्याचं!

दुसऱ्या दिवशी सकाळी उकड मळता मळता आई म्हणाली, "माझा आवाज अस्साच होता गं. लग्नाआधी."

तिला गाताना मी कधी ऐकलंच नव्हतं. फार वाईट वाटलं, आणि मग चेव आला. "मग म्हण ना आत्ता," मी तिच्या मागेच लागले.

तिने पिठाच्या हातानेच आधी दार लावून घेतलं. पण गायली.