लाल कोब्याचा उतार

बांधकामावर मुकादमी केली त्या सगळ्या वर्षांत माझ्या देखरेखीखाली पडलेला माणूस एकच : माझे वडील.

आमचं घर जुन्या जालन्यात, अरुंद गल्लीत. पावसाचं पाणी आत शिरू नये म्हणून घरांचे ओटे उंच, आणि पायऱ्या अशा की चढताना गुडघा हनुवटीला लागावा! समोर कादरचाचांचं घर. चाचा आणि माझे वडील, आमचे आण्णा, दोघांनी मोंढ्यात जन्मभर शेजारी शेजारी धान्याची आडत चालवली. आता दोघांचे गुडघे गेले, कानही गेले. मधली एवढीशी गल्ली कुणालाच ओलांडता येईना. मग गप्पा आपापल्या ओट्यावरून.

"आण्णासाब, पेट साफ हुआ क्या?"

"न्हाई! काल एरंडेल घेतल्तं!"

(आमच्या गल्लीला पेपरची गरज नव्हती.)

एकदा आण्णा म्हणाले, "कादरच्या शेजारी बसून कपभर चहा घ्यायचाय रे. वरडून वरडून दोस्ती व्हत न्हाई."

मी तिथंच शब्द दिला. "आण्णा, पायऱ्या बुजवून उतारच करून देतो. चाचांच्या पायरीपर्यंत चालत जाल!"

मिस्तरी बोलावला. आमच्याकडं चांगल्या कामाची खूण एकच : कोब्यात तोंड दिसलं पाहिजे. मी दिवसभर त्याच्या डोक्यावर उभा. "घोट अजून!"

"साहेब, असा घोटतो, की बसून दाढी करा!"

लाल कोबा इतका चमकला, की बघायला माणसं आली. आठवडाभर पाणी मारून कोबा पक्का झाला, त्या सकाळपासून गल्लीतली झाडून सगळी पोरं त्यावर घसरायला हजर! आण्णा काठी घेऊन वर ताटकळत उभे. "माझा नंबर कवा येतो रे?"

पोरांना हाकललं, तर शेजारची शेळी घसरली. तेव्हा कुठं मला शंका आली. आण्णांचा पाय ठरावा म्हणून मी उतारावर तागाचं पोतं अंथरलं. (डोकं वापरलं!)

"आता बिनधास्त या, आण्णा."

आण्णांनी पाय ठेवला. पोतं निघालं. पोत्यासोबत आण्णा निघाले, ते माझ्या हातातून सुटून, गल्ली ओलांडून थेट चाचांच्या पायरीला भिडले! चाचांना आनंद मावेना. "आ गए आण्णासाब! अरे, चाय रखो जल्दी!"

चहा झाला, पण आण्णा तोवर रिक्षातून दवाखान्यात निघाले होते. मांडीचं हाड मोडलं होतं.

आण्णा खाटेला खिळले. एके दिवशी चाचा सुनेचा हात धरून कसेबसे खाली उतरले आणि आमच्या दारापुढं आले. पण वर यायला पायऱ्या कुठं होत्या? माझा कोबा होता! ते खालूनच ओरडले, "कैसे हो, आण्णासाब?"

आतून आण्णा अंदाजानंच ओरडले, "बरा हाय!"

दोघांनाही एकमेकांचं काही ऐकू गेलं नाही. मला मात्र सगळं ऐकू आलं.

पुढं चाचांच्या मुलानं त्यांना औरंगाबादला नेलं. तिथलं घर म्हणे जमिनीलगत होतं, एकसुद्धा पायरी नाही. त्यांच्या दाराला कुलूप लागलं त्या दिवशी मी छन्नी-हातोडा घेऊन कोब्यावर टाचे मारून खाचा पाडायला बसलो. बाजूला धरायला पाइप रोवला. माझा राग माझ्यावरच होता, त्यामुळं काम छान खडबडीत झालं.

हाड जुळल्यावर आण्णा पाइप धरून उतरले. एकदाही पाय घसरला नाही. चाचांच्या खालच्या पायरीवर बसले, कुलपाकडं बघत राहिले.

"बराबर झालाय रे उतार," म्हणाले. "चहा तेवढा घरून आण."

मग ते रोज तिथं जाऊन बसायला लागले. येणारे-जाणारे थांबून म्हणत, "मुकादम, उतार झकास केला हो आण्णांसाठी!" माझ्या बांधकामाची आयुष्यात पहिल्यांदा तारीफ होत होती, आणि मी चहाचा रिकामा कप घेऊन घरात पळत होतो.