जाळ्यावर बसलेली गीताबाई

नांदुऱ्याच्या पलीकडे खारपाणपट्ट्यात गीताबाईचं शेत. विहिरीचं पाणी असं खारट की गुरंही तोंड लावत नाहीत. तिनं तिथं तळं खोदलं अन् झिंगे, म्हणजे कोळंबी, पाळले. गाव हसलं. हसू द्या! गावाच्या हसण्यानं कधी कुणाचं पीक बुडालंय?

हसला नाही तो एकच, तिचा थोरला दीर उकंडराव. माळकरी माणूस. बकरं कापलं तर एक जीव जातो, तू एका जाळ्यात लाखभर घेशील, असं म्हणून त्यानं तिच्या घरचं पाणी सोडलं.

खरं सांगायचं तर तो लाख गीताबाईलाही बोचत होता. पहिल्या खेपेला व्यापाऱ्यानं जिवंत झिंगे कोरड्या क्रेटमध्ये भरले, थरावर थर. इकडे सगळे भाकरी खात बसले अन् तिकडे क्रेटमधली सळसळ थांबेना. तिनं आपली भाकरी तशीच फडक्यात बांधून ठेवली. आपल्या हातानं ज्यांना खाऊ घातलं, त्यांचे असे हाल?

यंदा तिनं व्यापाऱ्याला, प्रसेनजितला, आधीच बजावलं होतं: टबात बर्फाचं पाणी हवं, झिंगा त्यात पडल्याबरोबर, न तडफडता, गार झाला पाहिजे. हो हो म्हणाला पठ्ठ्या, अन् आला तो जेमतेम बर्फ घेऊन. तेवढा वाटेत माल टिकवायलाच लागेल म्हणे. मग गीताबाई घडी घातलेल्या जाळ्यावर जाऊन बसली. उठेचना.

"झिंगेच तं हायेत, काकू. यायले काय समजते?" प्रसेनजित म्हणाला.

"त्यायले नसन समजत. मले समजते."

त्यानं ट्रक चालू केला. या भागात दुसरा व्यापारी फिरकत नाही, हे दोघांनाही ठाऊक. ट्रक गेला तर सगळी मेहनत तळ्यातच राहणार. ट्रक गेला. बाई जाळ्यावरून हलली नाही.

बांधावरून उकंडराव बघत होता. तो खूश झाला. बरं झालं, पापातून सुटलीस, आता तळं बुजव, म्हणाला. गीताबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. आजवर ती त्याच्यासमोर मान वर करून बोलली नव्हती.

"पाप माह्यं हाय, भाऊजी, अन् मी ते करीनच. पण तडफडवून नाही करणार. तुमी पाणी तं सोडलंच हाय, आता वाळीत टाका."

उन्हं चढल्यावर ट्रक परत आला, बर्फाच्या लाद्या घेऊन. प्रसेनजितनंही पुढं कुणाला तरी माल कबूल केलेला होता ना! पुढच्या खेपेला तुमच्या तळ्याकडे बघणार नाही, असं तो धुसफुसत म्हणाला. नको बघूस, ती म्हणाली. लाद्या फुटल्या, टब भरले. ती उठली, टबात कोपरापर्यंत हात घालून पाहिला, अन् दिरादेखत जाळ्याचं पहिलं टोक स्वतः धरून पाण्यात उतरली.