वाकड्या रक्ताचं स्थळ

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा प्राणिशास्त्राच्या सरांनी आम्हा सगळ्यांची बोटं टोचली. रक्ताचा थेंब काचेवर, वर पातळ काच, कडांना व्हॅसलीन, आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शक. बाकीच्यांच्या रक्तपेशी गोल. माझ्या बऱ्याचशा विळ्यासारख्या वाकलेल्या. सर म्हणाले, "तुला काही होणार नाही. पण बायकोच्या रक्तातही हेच निघालं, तर पोरांना भोगावं लागेल."

आमच्या भिलाटीतून, म्हणजे भिल्लांच्या वस्तीतून, कॉलेजात गेलेला मी पहिलाच, हे मी आजही छाती पुढे काढून सांगतो. त्याच दिवाळीच्या सुट्टीत वडिलांनी प्रकाशा गावाजवळची एक मुलगी ठरवत आणली. लग्न झालं की शेत, आणि कॉलेज सुटलं, हे मला स्पष्ट दिसत होतं. म्हणून बैठकीत सरांचं वाक्य पुढे केलं, वर थोडं तिखटमीठ. वाटलं, घाबरून नाही म्हणतील.

मुलीचा बाप शांतपणे म्हणाला, "मंग मन्ही पोरनं बी रगत देख."

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी काचा घेऊन गेलो. मुलीनं बोट पुढे केलं आणि हळूच बोलली, "तुले लगीन नको व्हई ते तसं सांग. मन्हा रगतवर ढकलजो नको."

काच तंबाखूच्या डबीत घालून कॉलेजात नेली. पेशी गोल, चोख. खोटं बोललो असतो तर तपासायला कोण येणार होतं? पण जीभ रेटेना. पुढच्या रविवारी वडिलांसोबत जाऊन खरं ते सांगितलं. कॉलेज संपलं, असं धरूनच.

बाप म्हणाला, "आम्हनी पोर चोख शे. वाकडं रगत तुन्हं. मंग आम्ही पोर काबर देवानी?"

मी गुपचूप उठायला हवं होतं. पण असा राग आला की मी भाषणच सुरू केलं. माझ्यासारखा माणूस ठणठणीत असतो, दोष दोन्हीकडे असला तरच धोका, वगैरे. दम दाखवायला अंगणातलं कपाशीचं गाठोडं उचलून ओट्यावर नेऊन ठेवलं.

"तठे नको," बाप म्हणाला, "घरमा ठेव."

ठेवलं. दाराआड मुलगी तोंडाला पदर लावून हसत होती.

परतताना तापीकाठी आलो. नावेत बसल्यावर वडील म्हणाले, "आते कॉलेजच कर. आठे तर तुले कोन्ही पोर देवाव नई."