टाकी संपेपर्यंत

"हळू बोला बाप्पा, लोकं आयकून राहिले!" दुकानात शिरल्यावर आमच्या भाऊंचं हे पहिलं वाक्य. मी अजून तोंडही उघडलेलं नसायचं.

अमरावतीत माझं कॉलेजांच्या प्रयोगशाळांना रसायनं पुरवायचं दुकान आहे. चोरून यावं असं तिथे काही नाही. पण त्यांना मिथेनॉल नावाचं स्पिरिट लागायचं, हातभर लांबीच्या छोट्या विमानाच्या इंजिनासाठी, आणि साठी उलटलेल्या माणसानं विमान उडवावं याची त्यांना भयंकर लाज. नोकरीत होते तेव्हा ते एनसीसीच्या पोरांना असली विमानं शिकवत. तेव्हा ते सरकारी काम होतं. निवृत्त झाले आणि तोच छंद चोरीचा मामला झाला.

मिथेनॉलमध्ये एरंडेल घालावं लागतं, नाहीतर इंजिन जळतं. ते एरंडेलासाठी दुकानं बदलायचे आणि प्रत्येक दुकानात घरच्या वेगळ्या माणसाचं पोट बिघडवायचे. एकदा भर बाजारात दुकानदारानं त्यांच्या बायकोलाच विचारलं, "काहो वहिनी, आता साफ होते ना?" ती माउली पुढे कित्येक दिवस त्या रस्त्यानं गेली नाही.

"भाऊ, खरं सांगून टाका ना एकदा," मी म्हणायचो.

"पोरगी लग्नाची हाय. पाहुणे म्हनतीन, बुढा पोट्ट्यावानी खेळते."

अशी लाज बाळगणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती लपवतात एक आणि लोकांना दिसतं भलतंच. हा माणूस कॅन भरून स्पिरिट नेतो, म्हणजे पितोच, असं गल्लीनं ठरवलं. मुलीचं लग्न तेल्हाऱ्याला जवळजवळ जमलं होतं. बातमी तिथवर गेली आणि पाहुणे न कळवता शहानिशा करायला निघाले.

रविवारची सकाळ होती. भातकुली रस्त्यावरच्या त्यांच्या शेवंतीच्या वावराशेजारी आम्ही पडीत जागेत होतो. विमान धरून सोडायला मी जायचो. विमानाला दोन तारा असतात. त्यांची मूठ धरून माणूस मधोमध उभा राहतो, विमान त्याच्याभोवती फिरतं आणि त्याबरोबर तोही फिरतो. एकदा ते उडालं की टाकी संपेपर्यंत थांबता येत नाही.

विमान नुकतंच वर गेलं होतं, तेवढ्यात बांधावर गाडी थांबली. होणारे व्याही उतरले. भाऊ बनियन आणि हाफपँटवर. तोंड पाहुण्यांकडे आलं की हे कसंनुसं हसून मोकळा हात कपाळाला लावायचे, मग पाठ व्हायची, मग पुन्हा तोंड, पुन्हा रामराम. पाहुणेही बिचारे रीतीचे, प्रत्येक रामराम परत करत होते. इंजिन काही केल्या थांबेना. बघणाऱ्या मलाच घाम फुटला.

शेवटी विमान गवतात बसलं. भाऊ मान खाली घालून बांधाशी आले. पाहुण्यांची नजर स्पिरिटच्या कॅनवर होती. "मी पेत नाई जी. हे असं हाय."

व्याही पोट धरून हसले. "आमाले वाटलं दारू हाय! हे तं खेळनं निंघालं!"

त्या हसण्यात कुत्सित काही नव्हतं, सुटल्याचा आनंद होता. लग्न तिथेच बांधावर पक्कं झालं. पण भाऊंना फक्त 'खेळनं' एवढंच ऐकू आलं. "आजपासून बंद, जी," ते म्हणाले.

"काहून? आमच्या पोट्ट्याइलेबी दाखवा ना!"

"नाई जी. बंद म्हंजे बंद."

कुणी मागितलाही नव्हता तो शब्द, पण त्यांनी पाळला. दुकानात ते पुन्हा आले नाहीत. मुलगी सुखात आहे. जावई दर दिवाळीला म्हणतो, "मामाजी, उडवा ना एकडाव." भाऊ पाणी द्यायचं निमित्त काढून वावरात निघून जातात.

आता आमच्या अमरावतीला खरं विमान येतं. परवा ते मला फुलबाजारात शेवंतीच्या ढिगामागे बसलेले दिसले. तेवढ्यात वरून विमान गेलं. हमाल, ऑटोवाले, गिऱ्हाइकं, सगळे तोंड वर करून उभे. मीसुद्धा. खाली पाहिलं तर ते तराजूवर नजर रोवून बसले होते, कानापर्यंत लाल झालेले. एवढी लाज या माणसाला कुणी शिकवली, असं ओरडून विचारावंसं वाटलं.

"किती देऊ?" त्यांनी मला विचारलं. विमानाचा आवाज पार विरून गेला, तरी त्यांनी मान वर केली नाही.